टॅब सगळ्यांचा

भावानं नवा टॅब घेतला आणि जुना आम्हाला दिला. ‘ताई, चार अ‍ॅप्स टाक, तुझी निम्मी धावपळ कमी होईल,’ एवढं बोलून तो गेला. कुठली चार, ते मात्र सांगितलं नाही. मी डोंबिवलीहून रोज लोकलनं कामाला जाते, नवऱ्याची पाळीची ड्यूटी, मुलगी तिसरीत, मुलगा चार वर्षांचा, आणि आम्ही दोघं बाहेर असताना घर सासूबाईंवर. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आणि पैसे पाठवणं यापलीकडे मला काही येत नव्हतं. प्ले स्टोअर म्हणजे अ‍ॅपचं दुकान, इथपासून माझी सुरुवात. त्या दुकानातून मुलांचे दोन-तीन मोफत खेळ उतरवून घेतले. मुलगा फुगा फोडायला गेला की जाहिरात उघडायची आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक, की माझंही बोट चुकायचं. मोफत म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी कळलं.

उपयोगाचं पहिलं अ‍ॅप मिळालं ते मुलांचं नव्हतंच. ऑफिसातल्या मैत्रिणीनं ‘गुगल कीप’ दाखवलं. कीप म्हणजे चिठ्ठ्या डकवायचा फळा, तोही एकाच वेळी अनेकांच्या हातात असलेला. टॅब ओट्यापासून जरा लांब, मिसळणाच्या डब्याशेजारी उभा केला. सासूबाईंना टाइप करायला नको वाटतं, म्हणून कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायला सांगितलं. त्या ‘साबुदाणा’ म्हणाल्या आणि पडद्यावर भलतीच इंग्रजी अक्षरं उमटली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा आधी जोडावी लागते, हे शोधायला मला बराच वेळ लागला. त्यानंतर मात्र यंत्र त्यांचं सगळं ऐकू लागलं. ‘अर्धा किलो साबुदाणा, शेंगदाणे, उपासाची भगर’ याच्या खाली ‘अगं बाई दूध उतू चाललं’ हेही यादीत आलं. हीच यादी माझ्या आणि नवऱ्याच्या फोनवरही दिसते. एकदा गाडीत उभ्या उभ्या मी ती वाचत असताना शेंगदाण्यांपुढच्या चौकोनात आपोआप खूण झाली. म्हणजे नवऱ्यानं येताना शेंगदाणे घेतले होते, आणि ते मला कुणी फोन न करता समजलं.

कॅलेंडरचंही तसंच. शाळेच्या सूचना ग्रुपवर येतात त्या कागदाचा फोटो काढून, आणि शंभर ‘ओके मॅडम’च्या खाली जातात. गुगल लेन्स म्हणजे फोटोतलं वाचणारं भिंग. छापील सूचनेवर ते धरलं की मराठी अक्षरंसुद्धा उचलून घेता येतात. तो मजकूर कॅलेंडरात डकवायचा आणि आदल्या संध्याकाळची आठवण लावायची. मुलीचा हिरवा रंग, मुलाचा केशरी. आता ‘उद्या चार्ट पेपर हवाय’ हे रात्री दहाला नाही, दुकानं उघडी असताना कळतं. माझ्या मते धावपळीच्या घरात याहून मोठी मदत नाही. हाताचं काम आम्ही कसंही उरकतो, पण सगळं लक्षात ठेवायचं काम आईच्याच डोक्यावर असतं.

मग अभ्यास. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ एक काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन असतो. तो क्यूआर कोड आहे हे माहीत होतं. त्याचं करायचं काय, ते नव्हतं. ‘दीक्षा’ नावाचं सरकारी अ‍ॅप २०१७ पासून आहे, ते उघडलं. आधी बोर्ड, माध्यम, इयत्ता विचारली. मग पुस्तकावर टॅब धरला, तर त्याचीच सावली चौकोनावर. मुलीनं न बोलता पुस्तक खिडकीपाशी नेलं, आडवं ठेवलं, आणि कोड लागला. धड्याशी जोडलेलं साहित्य उघडलं. सगळंच काही रंजक नाही, काही व्हिडिओ फार संथ आहेत. पण मला जे नीट समजावता येत नव्हतं, ते तिनं पुन्हा मागे नेऊन पाहिलं. त्याच शोधात एक जास्त कामाची गोष्ट हाती लागली. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत उतरवून घेता येतात. पुस्तक शाळेत राहिलं म्हणून आता रात्री कुणाच्या दारात जावं लागत नाही.

ज्याच्यामुळे टॅब घरात आल्याचा मला मनापासून आनंद आहे, ते म्हणजे अ‍ॅप्स शोधताना सापडलेलं एक संकेतस्थळ. ‘प्रथम बुक्स’ या ना-नफा प्रकाशन संस्थेनं २०१५ साली सुरू केलेलं ‘स्टोरीवीव्हर’. मुलांची सचित्र पुस्तकं, अनेक भाषांत, मराठीतही, आणि मोफत. डोळ्यापुढे जाहिरात नाचत नाही. पुस्तकांना एक ते चार पायऱ्या आहेत: पहिलीत पानावर जेमतेम एखादं वाक्य, चौथीत सरावलेल्या वाचकाचा मजकूर. मुलगी तिसरीत म्हणून मी तिसरी पायरी उघडली. ती दोन पानांवर अडली आणि टॅब माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच पहिल्या पायरीची गोष्ट काढली, भावाला मांडीशी बसवलं आणि वाचून दाखवली. तो चित्रातल्या मुंगीवर बोट ठेवून विचारायचा आणि ती पुढचं वाक्य वाचायच्या आधी त्याला उत्तर द्यायची. सोप्या पायरीवर तिचा आवाज मोकळा झाला. आठवडाभरानं ती आपणहून दुसऱ्या पायरीकडे वळली. इयत्ता आणि पायरी यांचा मेळ मी घालायचा नव्हता, तो तिनं घातला.

राहिला प्रश्न वेळेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर बसून घालवायचा वेळ दिवसाला तासाहून जास्त नसावा, कमी असेल तर उत्तमच. हे वाचून मी ‘फॅमिली लिंक’ लावलं, म्हणजे पालकांच्या हातातली किल्ली. मुलांचं वेगळं खातं, रोजची वेळ ठरलेली, झोपायच्या वेळी कुलूप, आणि नवं अ‍ॅप हवं असेल तर परवानगी माझ्या फोनवर मागितली जाते. धाकट्याला एकच अ‍ॅप दाखवायचं असेल तर सेटिंगमधलं ‘अ‍ॅप पिनिंग’ वापरते. ते पडद्यावर खिळवलं जातं आणि बाहेर पडताना टॅबचा पिन मागायचा पर्याय चालू ठेवला, तर त्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही. या दोन गोष्टी खेळांच्या आधी शिकायला हव्यात, असं मी आता प्रत्येक नव्या आईला सांगते.

पण कुलूप गोष्ट संपायची वाट पाहत नाही. मुंगी वारुळाच्या दारात असतानाच वेळ संपली आणि धाकट्यानं घर डोक्यावर घेतलं. मुलीनं विचारलं, ‘आई, हे छापता येत नाही का?’ पाहिलं तर येतं. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक-चित्रकारांची नावं कायम ठेवून त्या छापायला, वाटायला मोकळीक आहे. पीडीएफ उतरवली आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून कृष्णधवल प्रती काढून आणल्या. सासूबाईंनी त्या दाभणानं शिवल्या. मुंगीला कुठला रंग द्यायचा यावरून सध्या भावंडांचं भांडण चालू आहे, आणि खडूचं नवं खोकं कीपच्या यादीत सगळ्यात वर आहे.