गटाचं दप्तर

आमच्या वेल्ह्याच्या खोऱ्यात (सरकारदरबारी आता राजगड तालुका) पोरगं शिकलं की दोनच वाटा दिसतात. मुंबईला चुलत्याच्या खोलीवर, नाहीतर नीरा ओलांडून शिरवळच्या एमआयडीसीत कंत्राटावर. पोरीला तिसरी असते, स्थळं बघायची. मी बी.कॉम. झाले तेव्हा घरात तिन्हींची चर्चा एकदमच चालू होती. मामा, आत्या, चुलते, सगळ्यांच्या कानावर घालून झालं. फिरून फिरून त्याच दोन-चार कंपन्यांची नावं यायची.

त्या रिकामपणात आईच्या बचत गटाचं दप्तर माझ्याकडे आलं. आमच्या भागात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी गट बांधले, बायकांना बैठकीची सवय लागली, पण लिहिणारी मिळायची मारामार. बचत, अंतर्गत कर्ज, शेकडा दोनने व्याज, दंड, इतिवृत्त. एका गटाचं नीट लागलं तसं शेजारच्या वाडीनं बोलावलं, मग पलीकडच्या. लावणीच्या दिवसांत बैठक रात्री, जेवणं उरकल्यावर. पदराच्या गाठीतून निघालेल्या नोटा ओल्या असायच्या. मी त्या वहीखाली दाबून ठेवायची आणि मग मोजायची.

घरी आण्णा म्हणायचे, "ही फुकटची हमाली कुठवर?" त्यांचं चुकत नव्हतं. घरात खायला भात होता म्हणून मला फुकट राबणं परवडलं. माझ्याहून हिशेबात पक्की असलेली वर्गमैत्रीण तेव्हा रोजंदारीवर जात होती. ती कुठून येणार दप्तर लिहायला?

नोकरीची बातमी आली गौरी-गणपतीत. पलीकडच्या वाडीतली एक माहेरवाशीण, भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या कडेला दिलेली. तिची माझी ओळख म्हणजे मी तिच्या आईचं पासबुक भरते, एवढीच. म्हणाली, "आमच्याकडं गटांचे हिशेब तपासणारी ताई लग्न होऊन चाललीय. आई सांगत होती तू चोख लिहितेस. जाऊन बघ की."

अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली हेच मांडलं होतं, हे मी नंतर वाचलं. ओळखीतून नोकरी लागलेल्या ज्यांना त्यानं विचारलं, त्यांतल्या बहुतेकांना ती खबर रोजच्या माणसांकडून नव्हे, कधीमधी भेटणाऱ्यांकडून लागली होती. जवळच्यांना आपल्यालाच ठाऊक असलेलं ठाऊक असतं. आमच्याकडे बातम्या इकडून तिकडे नेण्याचं हे काम माहेरवाशिणी पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात, फक्त स्थळांसाठी.

नसरापूरला उतरून मुलाखतीला गेले. मार्कशीट मुलाखत घेणाऱ्यांनी वरवर चाळली आणि एक कर्जखातं पुढ्यात सरकवलं. "बाकी जुळत नाही. बघ." एका बाईनं ₹५५० भरले होते, त्यात ₹५०० मुद्दल, ₹५० व्याज. लिहिणारीनं सगळेच मुद्दलात वळते केलेले. असली गफलत वाड्यावाड्यांत कितीदा निस्तरली होती! मी पेन्सिलीनं खूण केली आणि वही परत दिली. समोरच्या ताईंनी विचारलं, "एसटीनं रोज जमेल ना?"

सोमवारपासून जायचं ठरलं. त्याआधीच्या बैठकीत मी दप्तर दुसऱ्या मुलीकडे सोपवलं आणि लिहिणारीला दरमहा मानधन द्यावं असा ठराव मांडला. दोघी-तिघी कुरकुरल्या, "तू तर फुकट लिहीत होतीस की." आई गटाची अध्यक्ष. तिनं आधी अंगठ्यांची शाई पुढं केली, मग म्हणाली, "लिहून घे गं, मंजूर."