कळणे आणि कळवणे

प्रयोजक क्रियापद शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर त्याच जोड्या लिहीत आलो आहे : करणे-करवणे, बसणे-बसवणे, कळणे-कळवणे. मुले त्या मुकाट्याने उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. कळणे आणि कळवणे यांत फरक अवघ्या एका 'व'चा! पण तो 'व' उच्चारताना भल्याभल्यांची बोबडी वळते, हे व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही.

आमच्या इमारतीत न कळण्यासारखे काही नसतेच. कुणाची आमटी करपली, कुणाचे जावई रुसून गेले, हे जिन्यात पाऊल टाकताच कळते. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींना भाचा व सून सकाळी बाहेरून कुलूप लावून कामावर जातात, हेही सर्वांना कळलेच होते. ऐंशी ओलांडलेल्या मावशी खिडकीच्या गजांशी बसत आणि शाळेतून येणाऱ्या पोरांना विचारीत, "बाळ, चहाची वेळ झाली का रे?" यावर सोसायटीच्या सभेनंतर कुजबुज होई, ती अशी : "घरातली गोष्ट आहे त्यांच्या. आपण कशाला पडा?" एक गृहस्थ तर म्हणाले, "मुलगा सालस आहे हो, गणपतीची वर्गणी कधी थकवत नाही." वर्गणीच्या पावतीवर माणसाचे एवढे पुण्य जमा होते, याची मला कल्पना नव्हती.

मी कायद्याची पुस्तके चाळली. मराठीचा मास्तर कायदा वाचू लागला की त्याची नजर कलमांपेक्षा क्रियापदांवर जाते. लहान मुलांच्या लैंगिक छळासंबंधीचा २०१२ चा कायदा म्हणतो, कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. मनोरुग्णाची हेळसांड होताना दिसली, तर २०१७ च्या कायद्यानेही कुणाही माणसाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. अपंगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यापाशी मात्र सूर मवाळ होतो : दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो. स्त्रियांच्या घरगुती छळाविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातही कळवणे ऐच्छिकच. पण सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर त्यापायी कसलाही दावा लागत नाही, एवढा दिलासा त्यात आहे. भित्र्या शेजाऱ्यासाठी एवढी सोय पुष्कळ झाली.

आणि खुद्द म्हाताऱ्यांचा कायदा? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा चांगला आहे. साठी उलटलेल्याला तो पोटगी मागू देतो. मूलबाळ नसेल, तर ज्याच्या हाती त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे वारसाने यायची आहे, त्या नातेवाइकाकडूनही. वृद्धाला कुठेतरी कायमचे टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण अर्ज करायचा तो वृद्धाने स्वतः. ते जमत नसेल, तर त्याने अधिकार दिलेल्या माणसाने वा संस्थेने. न्यायाधिकरण आपण होऊनही दखल घेऊ शकते. पण त्याच्या कानावर घालायचे कुणी? शेजाऱ्याने कळवलेच पाहिजे, असे हा कायदा कुठेही म्हणत नाही. कॅलिफोर्नियात डॉक्टर, परिचारिका, वृद्धांची देखभाल करणारे नोकर, या सर्वांवर अशी सक्ती आहे. तेवढी आपल्याकडेही असावी, असे माझे मत झाले आहे.

माझ्या पत्नीला हे मत मान्य नाही. ती म्हणाली, "अहो, म्हातारं माणूस म्हणजे काय कुक्कुलं बाळ आहे? आधी त्यांना विचारा तरी!"

तिनेच विचारले. गजांतून चहाचा पेला आत देता देता. मावशींनी चटकन पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस गं. तो रागावला तर मला कोण बघेल?"

या वाक्यापुढे माझी सगळी क्रियापदे लुळी पडली. सक्तीने कळवावे, तर मावशींच्या इच्छेवर आपणही एक कुलूपच घालणार. न कळवावे, तर पहिले कुलूप तसेच. मी डॉक्टरांवरच्या सक्तीचे मत सोडलेले नाही. जखम ज्याला दिसते, त्याने गप्प बसू नये. पण ज्या बाईचे डोके शाबूत आहे, तिची परवानगी घेण्याचे कष्ट शेजाऱ्याला चुकवता येत नाहीत, हे पत्नीचे म्हणणेही खोडता येईना. आठ दिवस रोज चहा जात राहिला. नवव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "दार तेवढं उघडं ठेवायला सांगाल का त्याला?"

आम्ही दोघे गेलो. भाचा आधी तापला, मग एकदम खुर्चीत बसला. "दोनदा गॅस चालू ठेवून झोपली हो ती. मी नोकरी करू की पहारा?" त्याचेही खोटे नव्हते. बऱ्याच वेळाने त्याने किल्ली काढून पत्नीच्या हातात दिली.

ती किल्ली आता आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. दुपारी मावशी आमच्याकडे येतात, पत्ते खेळतात, आणि खेळताना सर्रास लबाडी करतात. खिळ्याशेजारच्या दिनदर्शिकेवर पत्नीने ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीचा क्रमांक ठळक लिहून ठेवला आहे : १४५६७. भाचा किल्ली न्यायला येतो, तेव्हा तो त्यालाही दिसतो.