कुठल्या बाजूनं आलात?

बैजिक भूमितीत काम करणाऱ्याचा बहुतेक वेळ सिंग्युलर बिंदूंपाशी जातो. वक्र जिथे स्वतःलाच छेदतो किंवा टोकदार होतो, तिथे.

य² = क्ष³ + क्ष² हा वक्र घ्या. आरंभबिंदूपाशी त्याच्या दोन शाखा एकमेकींना छेदतात. य = टक्ष लिहून दोन्हीकडचा क्ष² काढला की उरतं ट² = क्ष + १. क्ष शून्य असताना ट एक किंवा उणे एक. एका बिंदूचे दोन झाले, छेद सुटला. ट म्हणजे आपण त्या बिंदूकडे कुठल्या चढानं आलो, त्याची नोंद. लोट्याहून चिपळूणला जाताना महामार्ग परशुराम घाट उतरतो, रेल्वे बोगद्यातून जाते. नकाशावर रेघा एकमेकींवर आल्या तरी गाड्या आदळणार नाहीत. नकाशात उंची नसते. ट ही ती उंची.

या कामातले आपले मोठे कारागीर म्हणजे श्रीराम अभ्यंकर, हार्वर्डला झारिस्कींचे शिष्य. ज्या संख्यांत एक हा प वेळा मिळवला की शून्य होतो, तिथली पृष्ठं त्यांनी १९५६ मध्ये सोडवली. नेहमीच्या संख्यांसाठी हिरोनाकांनी १९६४ मध्ये सगळ्या मिती निकालात काढल्या. अभ्यंकरांचा भर शाळकरी बीजगणितावर. मीही आधी समीकरण मांडतो, चित्र नंतर.

भौतिकशास्त्रात कणांऐवजी बारीक तंतू, म्हणजे स्ट्रिंग, मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धान्तानं मला ट या नोंदीकडे नव्यानं पाहायला लावलं. चार मितींच्या अवकाशात प्रत्येक बिंदू आणि त्याचा विरुद्ध बिंदू एकच मानले, तर मध्ये टोक तयार होतं. भूमितीकार तिथे एक गोल बसवतो. डिक्सन, हार्वी, वाफा आणि विटन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की अशा जागेतही स्ट्रिंगचं गणित कोलमडत नाही. एका बिंदूपासून निघून विरुद्ध बिंदूशी संपणारी स्ट्रिंग इथे बंदच ठरते, आणि गोल किती मोठा करायचा हे तिच्याच कंपनांच्या हाती असतं. आम्ही बाहेरून आणलेला ट तिच्याकडे आधीपासूनच होता.

प-वाल्या संख्यांत मात्र चार मिती आणि त्यापुढचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ट घेऊन पुढची पायरी गाठता येते. पण बिंदू किती बिघडलेला आहे हे सांगणारं नेहमीचं माप, जे दर पायरीला कमी व्हायला हवं, ते इथे मध्येच वाढतं. हात चालतो, पण काम पुढे सरकलं की नाही, हे सांगणारं माप हवं आहे.