टॅप झाला की सोडायचं

मी ज्युदो शिकवायला लागले तेव्हा पालक मुलांना दोन कारणांसाठी आणायचे. मुलीला स्वतःचं रक्षण करता यावं, नाहीतर दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळावेत. अलीकडे तिसरं कारण वाढलंय. ‘मॅडम, हा घरात कुणाशी बोलतच नाही.’ ‘हिला शाळेत मुली फार छळतात.’ ‘वडील गेल्यापासून हात उचलायला लागलाय.’ अशी मुलं एकत्र मॅटवर उतरली की त्यांच्यात हळूहळू बदल होताना मी पाहिला आहे. ‘आत्मविश्वास वाढतो’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तो कशाने वाढतो? माझ्या मते, त्याचं मूळ ज्युदोतल्या सगळ्यात साध्या नियमात आहे.

जमिनीवरच्या लढतीत जोडीदार तुम्हाला पाठीवर दाबून धरतो. थोड्या मोठ्या वयात कोपराचा लॉक आणि गळ्याची पकडही शिकवली जाते. सहन होईनासं झालं की जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटायचं. हा टॅप. टॅप झाला की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. का थोपटलंस, एवढ्यात कसा दमलास, असं विचारायचं नाही. नवा असो वा ब्लॅक बेल्ट, नियम सगळ्यांना एकच.

ज्या मुलांच्या ‘नको’ला आजवर कुणी किंमत दिलेली नसते, त्यांना हे आधी खरंच वाटत नाही. माझ्याकडची एक मुलगी सुरुवातीला पकड नीट बसायच्या आधीच थोपटायची. जोडीदार मुलगी सोडायची, पुन्हा धरायची, ही पुन्हा थोपटायची. इतर मुलींना वाटलं, ही घाबरट आहे. मला दिसत होतं की ती खात्री करून घेत होती. खात्री पटल्यावर ती पकडीखाली थांबायला लागली. मग कंबर उचलून, कुशीवर वळून सुटायचा प्रयत्न करायला लागली. हवं तेव्हा थांबवता येतं हे कळल्यावरच तिच्यात झुंजायचं बळ आलं.

चिडक्या मुलाच्या बाबतीत हाच नियम दुसऱ्या बाजूने काम करतो. ‘राग आवर’ हे त्याला घरीदारी सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. इथे त्याच्या हाताखाली एक जिवंत माणूस असतो, अंगात ईर्ष्या पेटलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी थोपटल्याचं जाणवताच हात सैल करावे लागतात. तासाभरात हे अनेकदा होतं. ऐन जोशात थांबता येणं ही शरीराला लागणारी सवय आहे. व्याख्यानाने ती लागत नाही आणि एकट्याने सराव करूनही लागत नाही, कारण थांबवणारा दुसरा कुणीतरी लागतो.

उभ्याच्या डावांतही तेच. आमच्याकडे फेकण्याआधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, डोकं वर, तळहात आणि अख्खा हात मॅटवर आपटायचा. पण पडणाऱ्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकलेली नसते. फेकणाऱ्याने त्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची आणि तो मॅटला टेकताना ती वर ओढायची, म्हणजे डोकं आपटत नाही. ज्याला पाडायचं त्यालाच सांभाळायचं.

ही पद्धत घडवणारा माणूस स्वतः छळ सोसलेला होता. जिगोरो कानो यांचा जन्म 1860 चा, कोबेजवळच्या मिकागेचा. लहानपणी आई गेली. अंगाने किरकोळ असलेल्या या मुलाला तोक्योच्या वसतिगृहात दांडगट मुलांनी फार सतावलं. 1877 मध्ये ते जुजुत्सू ही जुनी जपानी युद्धकला शिकायला लागले आणि 1882 मध्ये एका बौद्ध मंदिरातल्या 12 तातामींच्या, म्हणजे जपानी चटयांच्या, जागेत त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. पेशाने ते शिक्षक. मुक्त सरावातून त्यांनी जीवघेणे डाव वगळले, म्हणून मुलं इजेची धास्ती न बाळगता पूर्ण ताकदीने भिडू शकली. स्वतःची आणि जोडीदाराची उन्नती एकत्रच होते, हे त्यांनी ज्युदोचं तत्त्व मानलं. 1929 मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी जपानी ज्युदो-शिक्षक शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला बोलावलं, तेव्हा ही विद्या शिक्षणाचा भाग म्हणूनच तिथे आली.

ज्युदो एकट्याचा नाही, दोघांचा असतो, हे दृष्टिहीनांच्या ज्युदोत सगळ्यात ठळक दिसतं. तिथे तर दोघांनी एकमेकांची पकड घेतल्यावरच लढत सुरू होते आणि ती सुटून दोघं दूर झाले की पंच लढत थांबवून पुन्हा पकड देतात. या प्रकारात मध्य प्रदेशच्या कपिल परमारने पॅरिसच्या 2024 च्या पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक. माझ्या मुलांना मी त्याची पदकाची लढत दाखवते.

पण मॅट अंथरली की मुलं आपोआप सावरतात, असं मी म्हणणार नाही. खुद्द जपानमध्ये 1983 पासूनच्या तीनेक दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली. त्यांत नवशिकी मुलं बरीच होती आणि डोक्याला मार लागणं हे मोठं कारण होतं. पडणं पक्कं होण्याआधी फेकलं गेलं, दमलेल्या मुलाला ‘ऊठ’ म्हणून पुन्हा उभं केलं गेलं, की हीच विद्या घातक ठरते. प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा जपानच्या ज्युदो महासंघाने 2022 मध्ये बंद केली. जिंकण्याच्या हव्यासात लहान मुलांचं वजन उतरवणं आणि पालक-प्रशिक्षकांनी कडेला उभं राहून ओरडणं वाढलं होतं. आपल्याकडेही शिस्तीच्या नावाखाली मुलांना काठीने बडवणारे आहेत. आधीच मार खाल्लेल्या मुलाला तिथे नेऊ नये.

प्रशिक्षकाची मर्यादाही ओळखावी लागते. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागलं, तर मी पालकांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. उपचार आणि मॅट दोन्ही सोबत चालू शकतात.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे. ज्युदो असो, कराटे असो, कुस्ती असो, क्लासची फी भरण्याआधी एक दिवस पूर्ण वेळ बसून बघा. भिंतीवरची पदकं नंतर बघा. टॅप झाल्यावर पकड लगेच सुटते का? दांडग्या मुलाची जोडी नवख्याशी लावताना प्रशिक्षक जवळ उभे राहतात का? मुलगी ‘आज नको’ म्हणाली तर तिची टिंगल होते का? आणि शासनाकडे मागणं एवढंच, की जिल्हा क्रीडा संकुलांतल्या मॅट निवड चाचणीत न बसणाऱ्या मुलांसाठीही रोज तासभर उघड्या ठेवा. पदकाच्या शर्यतीत जी कधीच नसतील, त्यांतल्या पुष्कळांना या मॅटची सगळ्यात जास्त गरज आहे.