मदरबोर्डांचे पाठभेद

एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समोर ठेवल्या तर वाचकाला त्या सारख्या वाटतात, संपादकाला त्या कधीच सारख्या नसतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून पाठशुद्धी केली. तो ग्रंथ जिथे सांगितला गेला ते नेवासे आमच्याच जिल्ह्यातले. त्यामुळे पाठचिकित्सा हा विषय वर्गात शिकवताना आम्हां दोघांना नेहमीच थोडा घरचा वाटत आला. ही चिकित्सा एके दिवशी सावेडीतल्या संगणकाच्या दुकानात, काउंटरवर मांडलेल्या दोन खोक्यांसमोर करावी लागेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

निमित्त साधे होते. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरातला २०१२ सालचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, कारण त्यात टीपीएम २.० नाही. पण खरी घाई वेगळी होती. आमच्या विद्यार्थ्यांनी २००४ ते २००९ या काळात अकोले, संगमनेर, पारनेर आणि पाथर्डी तालुक्यांतून टेपवर घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या ४१ कॅसेटी आमच्या कपाटात आहेत. गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आज हयात नाहीत. फीत वर्षानुवर्षे गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो; ओवी सुरू होण्याआधीच तिची सावली ऐकू येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या संगणकावर नोंदवल्या गेल्या आणि आज 'पारी'च्या संग्रहात त्या कुणालाही ऐकता-वाचता येतात. त्या कामापुढे आमच्या ४१ कॅसेटी म्हणजे काहीच नव्हे. तरी त्या ४१ आमच्याखेरीज कुणाकडे नाहीत.

तयार संगणक घेण्यापेक्षा सुटे भाग घेऊन घरीच जोडायचा, असे ठरले. आमच्यापैकी एकाची नोकरी कायम, दुसरीची तासिका तत्त्वावरची. तेव्हा हजाराचा हिशेब हजारानेच होतो. प्रोसेसर ठरला, खोके ठरले, आणि गाडी मदरबोर्डापाशी अडली. दोन्ही बोर्ड एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे, एकाच एलजीए १७०० सॉकेटचे. एकाचे नाव एच६१०एमने सुरू होणारे, दुसऱ्याचे बी७६०एमने. पुढे अक्षरांची आणि अंकांची शेपटी. किमतीत फरक साडेचार हजारांचा. दुकानातला तरुण म्हणाला, "सर, मॅडम, कामाला दोन्ही सेमच आहेत. पण बी सातशे साठ घ्या, पुढं त्रास नाही." दोन्ही सेमच असतील तर त्रास कुठून येईल, हा आमचा प्रश्न त्याने हसून सोडून दिला.

शेपटीचे आधी पाहिले. नावाच्या शेवटी 'डी४' असेल तर त्या बोर्डावर डीडीआर४ रॅम बसते. तेच नाव 'डी४' विना असेल तर डीडीआर५. दोन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असल्याने एक दुसऱ्यात शिरतच नाही. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकलेले, आणि आम्हांला एका स्नेह्याकडून डीडीआर४ रॅम मिळालेली. म्हणजे दोन अक्षरांच्या शेपटीवर काही हजारांचा निकाल लागत होता. काही खोक्यांवर तर त्याखाली बारीक अक्षरांत रिव्हिजनचा क्रमांकही असतो. नाव तेच, आतले भाग थोडे बदललेले. पुनर्मुद्रण म्हणायचे की दुसरी आवृत्ती, हा आमचा जुना वाद तिथेही निघाला.

मग चिपसेटचा भेद. एच६१० वर रॅमच्या जागा दोनच, बी७६० वर चारपर्यंत मिळू शकतात. बी७६० वर प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट पीसीआयई ४.० च्या वेगाने चालतो. एच६१० वर ३.० वर भागवावे लागते, म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीन हजार मेगाबाइट. आम्ही कागद काढून आकडेमोड केली. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर दोन चॅनेलचा आवाज उतरवायचा तर सेकंदाला ०.५७६ मेगाबाइट लागतात. साठ मिनिटांच्या ४१ कॅसेटी मिळून सुमारे ८५ गिगाबाइट. बाजार ज्या भेदाचे साडेचार हजार मागत होता, तो आमच्या कामापुरता लेखनिकाच्या ऱ्हस्व-दीर्घाएवढाच ठरत होता.

आमच्या दृष्टीने अर्थ पालटणारा भेद बोर्डाच्या मागच्या बाजूला होता, आणि त्याचा उल्लेख खोक्याच्या दर्शनी भागावर कुठेच नव्हता. स्वस्त बोर्डावर आवाजाचे तीन जॅक: हिरवा, गुलाबी, निळा. महागावर दोनच. निळा म्हणजे लाइन-इन, टेपडेकचा आवाज आत घेणारा. गुलाबी मायक्रोफोनसाठी असतो. तो क्षीण आवाज वाढवून घेतो, त्यामुळे डेकचा मुळातच जोरकस असलेला आवाज त्यात फाटतो. महागड्या बोर्डाची माहितीपुस्तिका म्हणत होती की सेटिंग बदलून एकाच जॅककडून निरनिराळी कामे घेता येतात. श्लेष अलंकार म्हणून हे आम्हांला आवडले. रोज चारचार तास चालणाऱ्या कामात मात्र अभिधाच बरी.

तरुणाने आणखी एक सूचना केली, आणि ती रास्त होती: बाहेरून यूएसबीला जोडायचा ऑडिओ इंटरफेस घ्या, बोर्डावरच्या चिपला आसपासच्या विजेची खरखर लागते. यावर आमचे घरी दोन दिवस चालले. शेवटी एच६१० घेतला आणि वाचलेले पैसे आधी टेपडेकच्या दुरुस्तीला लावले. नवा रबरी पट्टा, नवा पिंच रोलर, आणि हेडचा कोन नीट करून घेतला. हेड तिरके असेल तर वरचे सूर फितीवरून उचललेच जात नाहीत. जे उचललेच गेले नाही ते पुढे कुठल्याही इंटरफेसने भरून येत नाही. खरखरीची परीक्षा सोपी आहे. टेप थांबवून नुसते रेकॉर्डिंग चालू ठेवायचे. तेव्हा जे ऐकू येते ते कॅसेटीतले नव्हे. आमच्या बोर्डावर ते येते, पण बारीक, कान लावल्याशिवाय न कळण्याइतके.

फाइलींना नावे देताना एक अडचण आली. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, कॅसेटींवरच्या चिठ्ठ्यांत मात्र विद्यार्थ्यांच्या हाताने 'अ.नगर' लिहिले आहे. चिठ्ठीवरचे जसेच्या तसे एका रकान्यात आणि आजचे नाव दुसऱ्यात, अशी सोय केली आहे.

आतापर्यंत तेरा कॅसेटी उतरल्या. पाथर्डीकडच्या एका कॅसेटीत जात्याची घरघर इतकी दाट आहे की काही ठिकाणी शब्दच बुडतात. ती गाळून ओवी स्वच्छ करावी, असे आमच्यापैकी एकाचे मत. जाते हा त्या ओवीचाच भाग आहे, असे दुसरीचे. तूर्त मूळ फाइलला हात लावलेला नाही. गाळलेली प्रत वेगळी ठेवली आहे, आणि तिच्या नावापुढे 'संपादित' असे लिहिले आहे.