गुंडाळलेला गेम

वर्षभर खपून लिहिलेलं मोड्यूल शुक्रवारी दोन ओळींच्या मेलने गुंडाळलं गेलं. चरफडत घरी आलो आणि 'इंट्रोव्हर्जन' आठवली.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या तिघा मित्रांची ही कंपनी. २००१ मध्ये हॅकिंगचा 'अपलिंक', २००५ मध्ये 'डार्विनिया', २००६ मध्ये 'डेफकॉन'. मग दरोड्याच्या 'सबव्हर्जन'वर काही वर्षं घालवली... आणि जमत नाही म्हणून चक्क बाजूला ठेवला! पुढे ख्रिस डिले सुट्टीत अल्काट्राझचा तुरुंग बघायला गेला, तिथे त्याला 'प्रिझन आर्किटेक्ट' सुचला. २०१६ मध्ये त्याला बाफ्टा मिळालं.

इमारती रचायचा हात 'सबव्हर्जन'वरच बसला असणार, असं आपलं मला वाटतं.

असो. सोमवारी माझा कोड पुसण्याआधी एकदा नीट वाचणार आहे.