खोटी हजेरी

आमचे बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत हजेरीबाबू होते. चौतीस वर्षं त्यांनी मस्टर भरलं. पाळीवर उतरणाऱ्यांत गोंड असत, पोवार असत, मरार असत, छत्तीसगढकडून आलेले असत. आणि पगाराच्या दिवशी त्यांतल्या कितीतरी जणांचे अंगठे बाबा घेत. अंगठा पॅडवर टेकवायचा, कागदावर हलकेच लोळवायचा, शेजारी नाव लिहायचं. बाबांची स्वतःची सही मात्र मोठी ऐटबाज. शेवटच्या अक्षराची शेपटी ते मागे वळवून पहिल्या अक्षराखाली आणून ठेवत. आम्हा भावंडांच्या प्रगतिपुस्तकांवर ती सही पाहिली की मास्तरसुद्धा क्षणभर थांबत.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. वाचा राहिली, बुद्धी राहिली. गोंदियाच्या एका दवाखान्यात नऊ दिवस काढून घरी आणलं. महिनाभरात पाय काठीच्या आधाराने उचलू लागले, पण उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवला. दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखे बाबा त्याच्याकडे बघत.

शेवटी मामा म्हणाले, नागपूरला आणा. आम्हा बालाघाटच्या मराठी माणसांचं हे ठरलेलंच. १९५६ पर्यंत नागपूर आमची राजधानीच होती. पुढे कागदावर भोपाळ आलं, पण दुखणं, लग्नाचा बस्ता आणि वधूवर संशोधन यांसाठी आम्ही अजून राजेगावपाशी बाघ नदी ओलांडतो. मामांचं घर नंदनवनात. तिथून एका फिजिओथेरपीच्या ओ.पी.डी.त बाबांना नेऊ लागलो.

तिथे एक मुलगी भेटली. पदव्युत्तर अभ्यास करत होती आणि प्रबंधासाठी तिला तीस रुग्ण हवे होते. बाबांना तपासून ती खूश झाली. वय बसलं, लकवा होऊन एक ते सहा महिन्यांच्या आत बसला, सांगितलेलं समजतं हेही बसलं. मग तिने पत्ता विचारला आणि तिचा चेहरा उतरला. "बालाघाट? मग नाही जमणार, काका."

मला राग आला. मध्य प्रदेशवाल्यांचा हात हात नसतो की काय? तिने शांतपणे सांगितलं, की रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, असे चार आठवडे यायचं. शिवाय तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप. लांबचे रुग्ण आठवड्याभरात घरी निघून जातात, मग ते बरे झाले की बिघडले हे कुणालाच कळत नाही. अर्धवट सुटलेल्यांमुळे सगळा हिशोब लंगडा होतो. बाबा ऐकत होते. मस्टरच्या माणसाला ते ताबडतोब पटलं. "मी गैरहजर नाही राहाणार," ते म्हणाले. महिनाभर मामांकडे राहायचं ठरलं.

नंतर संमतिपत्र आलं. बालाघाट म्हटल्यावर तिने हिंदी प्रत काढली; आमचं मराठी ऐकून मराठीही दिली. बाबांनी दोन्ही समोर ठेवून वाचल्या. (अशी संधी फक्त दुभाषी जिल्ह्यातल्या माणसालाच मिळते.) एका शब्दावर ते दोन्हींकडे अडले. हिंदीत 'यादृच्छिक', मराठीतही 'यादृच्छिक'! दोन भाषा येऊनही उपयोग शून्य. ती हसली. "आजोबा, भिशीत चिठ्ठी काढतात ना, तसं. तुम्ही कोणत्या गटात जाणार ते मी नाही ठरवायचं, तुम्हीही नाही. चिठ्ठी ठरवणार."

"आणि चिठ्ठी कोन काढते?"

"कॉम्प्युटर. बंद पाकिटात."

"मंग ठीक आहे. तू काढली असती तर तुह्या आवडीच्याले चांगला गट देल्ला असता."

ती बघतच राहिली. तिच्या पाठ्यपुस्तकात हीच गोष्ट दोन पानं घेत असावी.

मध्येच केव्हाही बाहेर पडता येईल, त्यामुळे उपचार थांबणार नाही, हेही त्यात लिहिलं होतं. सही करायची वेळ आली तेव्हा तिने हळूच शाईचं पॅड पुढे सरकवलं. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा घेतात आणि ज्याचा या कामाशी संबंध नाही असा साक्षीदार सही करतो, अशी रीत आहे. शेजारच्या बाकावरच्या एका रुग्णाचा मुलगा साक्षीदार झाला. बाबांनी डावा अंगठा टेकवला, लोळवला, अगदी शास्त्रशुद्ध. नंतर पंचाच्या टोकाने ते बराच वेळ तो अंगठा पुसत बसले. मी दुसरीकडे बघितलं.

चाचणी होती आरशाची. दोन हातांच्या मधोमध आरसा उभा ठेवायचा. दुबळा हात त्याच्या मागे झाकलेला, चांगला पुढे. चांगल्या हाताची मूठ उघडायची-मिटायची आणि बघायचं आरशात. प्रतिबिंबातला डावा हात उजव्याच्या जागी दिसतो, आणि गेलेला हात हलतो आहे असं मेंदूला वाटतं. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती कापलेल्या हातापायांच्या भासमान वेदनांसाठी वापरून दाखवली. १९९९ साली लकव्याच्या नऊ रुग्णांवरचा पहिला छोटा प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये आला. आता तीसमधल्या पंधरांना आरसा मिळणार होता आणि उरलेल्यांना तोच व्यायाम, तेवढाच वेळ, पण आरशाची पाठ पुढे करून.

बाबांच्या वाट्याला पाठ आली.

आम्हाला ते माहीत होतं, कबूलही होतं. पण कबूल असणं आणि डोळ्यांनी बघणं यांत फरक आहे. चौथ्या दिवशी आईने पडद्याच्या फटीतून पलीकडे पाहिलं. तिथे वर्ध्याकडचे एक गृहस्थ आरशात बघून बोटं हलवत होते, आणि आमचे बाबा प्लायवुडकडे बघत. परतताना ऑटोत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "त्यायले आरसा अन् ह्यायले लाकूड! गरिबाच्या पानात नेहमी पाठच पडते."

दुसऱ्या दिवशी ती मामींना घेऊन बर्डीवर गेली आणि आरसा विकत घेऊन आली. दुपारी सगळे झोपले की दार लोटून बाबांच्या मांडीपाशी पाटावर तो उभा करायचा, विटेचा टेकू द्यायचा आणि अर्धा तास मूठ. हे मला आठ दिवसांनी कळलं. बाबांनी आधी नाही म्हटलं होतं; पण पन्नास वर्षं जिने ताटात वाढलं तिचं मन मोडणं त्यांना जमलं नाही. मी काय केलं? मीही गप्प बसलो. आपल्या माणसाचा हात हलतो की नाही हा प्रश्न असताना परक्या मुलीच्या प्रबंधाची काळजी कोण करतो?

त्या मुलीच्या खोलीत भिंतीवर मोठा तक्ता होता. प्रत्येक रुग्णाच्या क्रमांकापुढे रोजची खूण. बाबा त्याला मस्टरच म्हणत. ही चाचणी इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या नोंदवहीत चढवलेली आहे, हे तिने त्यांना सांगितलं होतं. ती नोंदवही २००७ साली सुरू झाली, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते; काम झाल्यावर मागून नाव घुसडता येत नाही. बाबांना हे फार आवडलं होतं. बहुधा तेच त्यांना आता टोचत असावं. दुसऱ्या शनिवारी जेवताना ते एकदम म्हणाले, "तिले सांगा लागते."

आई भडकली. "कायले? काढून टाकन ते तुमाले!"

"काढू दे. चौतीस वर्षं म्या कोनाची खोटी हजेरी लावली नाही. एकानं अर्धी बाटली देल्ली होती, त्याची बी नाही."

सोमवारी त्यांनी स्वतःच सांगितलं. मुलगी खुर्चीत मागे टेकली. चिडेल असं वाटलं, पण ती आईकडे वळली. "आजी, समजा तुम्ही सांगितलंच नसतं. बिनआरशाच्या गटातले आजोबा घरच्या आरशाने सुधारले असते. मग माझ्या कागदावर काय दिसलं असतं? आरसा असो-नसो, सारखंच. म्हणजे तुमच्या आरशामुळे आरशाचंच नाव खराब झालं असतं."

आई विचारात पडली. तिच्या लक्षात ही उलटी गोष्ट आली नव्हती. खरं तर माझ्याही नाही.

काढलं मात्र नाही. तिने वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं, किती दिवस, किती वेळ. चिठ्ठीने ज्या गटात टाकलं त्याच गटात बाबांना मोजायचं, असा नियम आहे म्हणाली. नाहीतर ज्याला जो गट सोयीचा तिकडे माणसं सरकवता येतील. महिना पुरा होईपर्यंत घरचा आरसा बंद ठेवायची विनंती केली. मग आईने विचारलं ते मला विसरता येत नाही. "पण पोरी, आरसा चांगला आहे हे तुले ठाऊक असून अर्ध्यायले लाकूड कायले?"

"ठाऊक नाही ना, आजी. वाटतं."

वाटणं आणि असणं यांतल्या अंतराच्या दोन गोष्टी तिने सांगितल्या. पुढे मीही त्या वाचून काढल्या. लकवा झालेल्याला २४ तासांच्या आत उठवून भरपूर हालचाल करायला लावली तर बरं, असं पुष्कळांना वाटत असे. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवर चाचणी झाली, २०१५ साली निकाल लागला, आणि ज्यांना लवकर व जास्त उठवलं त्यांचंच थोडं कमी भलं झालेलं दिसलं. दुसरी तर आपल्याच देशातली. घरच्यांनाच व्यायाम शिकवून रुग्णाची काळजी त्यांच्याकडून घ्यावी, ही आपल्यासारख्या ठिकाणी किती सोयीची कल्पना! १४ रुग्णालयांतून १,२५० रुग्ण घेतले, जानेवारी २०१४ ते फेब्रुवारी २०१६. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन त्यातले एक प्रमुख. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७. फरक नाही.

"म्हंजे एवढ्या बायाइनं केलं ते वायाच?" आई.

"वाया कसं? नाहीतर सरकार म्हणालं असतं, फिजिओ कशाला नेमायचे, घरी बायका आहेतच."

यावर आई पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसली.

आरशाची गोष्ट मात्र वेगळी आहे, हेही नोंदवायला हवं. २०१८ साली ६२ चाचण्या आणि १,९८२ रुग्णांची बेरीज करून पाहिली गेली तेव्हा हाताच्या हालचालीत आरशाचा उपयोग होतो असं दिसलं. म्हणजे आईचं 'वाटणं' अगदीच चुकीचं नव्हतं. पण त्या ६२ मध्ये बहुतेक अशाच लहान-लहान चाचण्या, आणि प्रत्येकीत कुणीतरी लाकडाकडे बघत बसलेलं. आमच्या मुलीच्या तीस जणांत दोन गटांमध्ये सांगण्याजोगा फरक निघाला नाही, असं तिने पुढे फोनवर कळवलं. तिचा आवाज जरा पडलेला होता. बाबांनी तिला विचारलं, "सगळे लिवले ना?" ती हो म्हणाली.

तीन महिन्यांनी जुलैत आम्ही पुन्हा गेलो. मोजमाप दुसऱ्याच एका डॉक्टरांनी केलं. बाबा कोणत्या गटातले हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. ६६ गुणांचा तक्ता असतो, खांद्यापासून बोटांपर्यंत. आई ओठ घट्ट मिटून बसली होती. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत अवघड अर्धा तास असावा. बाबांचे गुण थोडे वाढले होते. मूठ मिटत होती, उघडायला त्रास होत होता.

निघताना प्रवासभाड्याची पावती पुढे आली आणि सवयीने पॅडही. बाबांनी पॅड बाजूला केलं. डाव्या हातात पेन घेतलं, उजव्या मुठीने कागद दाबून धरला आणि एकेक अक्षर काढायला लागले. शेपटी मागे वळवायला गेले तेव्हा कागद फाटला. मुलीने दुसरी पावती केली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

त्या दिवशी आमची गोंदियाची गाडी चुकली.